रित्या तिथीला फिरायला

“या पालींना दुसरी जागा मिळत नाही का,” हिदेओ टेबलाखालून पुटपुटला. “एवढं मोठं बेट पडलंय. डोंगर आहे, केळीची बनं आहेत, चर्च आहे. पण नाही, यांना निजायला माझी विजेची पेटीच लागते.”

नोहेआने हेडफोन एका कानावरून मागे सरकवला. टेबलाखालून हिदेओचे फक्त पाय दिसत होते, रबरी सपाता घातलेले, आणि ते पायसुद्धा कुरकुरत असल्यासारखे हलत होते.

“सहाला दोन मिनिटं कमी आहेत,” ती म्हणाली. “वर ये, नाहीतर तिथूनच बटण दाब.”

“चाळीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलो. कशासाठी, तर म्हातारपणी पालींच्या मागे रांगायला.”

“खांबावर होतास तेव्हा पक्ष्यांच्या नावाने ओरडायचास.”

“पक्षी निदान दिसायचे तरी,” असं म्हणून हिदेओ गुडघे धरत उठला, खुर्चीत बसला आणि आदल्या कार्यक्रमवाल्याने खुर्ची खाली करून ठेवली म्हणून त्याच्याही नावाने दोन शब्द बोलला. मग लाल दिवा लागला.

लाल दिवा लागला की नोहेआचा आवाज बदलायचा. घरात तो जरा चिरका होता. माइकसमोर तो पसरायचा, नदी समुद्राला मिळताना पसरते तसा. बेटाच्या उत्तर बाजूची अठरा वर्षांची कॉफी त्या आवाजावर उकळली होती.

“अलोहा. दरीचा रेडिओ, मी नोहेआ. भरती सात वाजून वीस मिनिटांनी. वारा ईशान्येचा, बेताचा. लाटा गुडघ्याएवढ्या. आणि तिथी,” तिने भिंतीवरच्या चंद्राच्या कॅलेंडरकडे नजर टाकली, तशी गरज नव्हती, “आजची तिथी रिती. उद्याची आणि परवाचीही. अळू लावू नका, आणि कुणाच्या मनात फिरायला जायचं असेल तर त्याने घरीच लोळलेलं बरं.”

चंद्राच्या महिन्यात अशा सात तिथी रित्या. त्या दिवशी लावलेलं अळू कंद धरत नाही आणि टाकलेला गळ रिकामाच वर येतो, हे नोहेआला तिच्या आजीने सांगितलं होतं. आईने सांगितलं नव्हतं. आईला शाळेत आपली भाषा बोलली म्हणून हातावर पट्ट्या बसल्या होत्या, तेव्हा तिने ती भाषा पोरांच्या कानावर पडूच दिली नाही. नोहेआ ती शिकली पंचेचाळिसाव्या वर्षी, कॉलेजातल्या मुलांच्या शेजारी बाकावर अंग चोरून बसून. तिथींची नावं पाठ करताना तिला वाटायचं, घरातली हरवलेली भांडी कुणीतरी एकेक करून परत आणून देतंय.

आणि फिरायला म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. ‘मासे मारायला चाललो’ असं या किनाऱ्यावर कुणी तोंडाने म्हणत नाही. माशांना कान असतात. खांद्यावर जाळं, हातात बर्फाची पेटी, दातांत गळाची दोरी असली तरी माणूस म्हणतो, जरा फिरून येतो. समोरच्यानेही कुठे म्हणून विचारायचं नसतं. विचारलं तर तो गडी पेटी तिथेच ठेवतो आणि घरी परत जातो, आणि पुढचे दोन महिने तुमच्याशी बोलत नाही.

त्या दिवशी पहाटे पाच वाजता तिचा नवरा केलिई घराच्या दारात उभा होता, पेटी हातात घेऊन.

“जरा फिरून येतो,” तो म्हणाला.

“ये,” नोहेआ म्हणाली.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे बोलणं हजारो वेळा झालं असेल. पण गेले आठ महिने ते फक्त रित्या तिथींना व्हायचं. चांगली तिथी असली, मासा अगदी दारात येऊन हाका मारत असला, की केलिईची पाठ धरायची. रिती तिथी उजाडली की पाठ मोकळी. चंद्राप्रमाणे वाढणारं आणि उतरणारं दुखणं कुठल्या डॉक्टरने पाहिलं नसेल.

नोहेआला कारण ठाऊक होतं. रित्या तिथीला नदीच्या मुखावरचा धक्का मोकळा असतो. एक होडी हलत नाही, एक माणूस नसतो. तेव्हा एखाद्याने धक्क्याची कड पायाच्या अंगठ्याने चाचपली, दोरीची गाठ डोळ्यांऐवजी बोटांनी शोधली, तर बघायला कुणी नसतं.

घरात ती बघत होती. हल्ली तो माणसाकडे सरळ बघायचा नाही. मान वाकडी करून, कोंबडा दाण्याकडे बघतो तसा एका कडेने बघायचा. कॉफी ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायचा. त्यावर ती काही बोलली नव्हती. तिने फक्त घरातले पांढरे कप काढून टाकले आणि गडद निळे आणले. व्हरांड्यातलं स्टूल वाटेतून हललं ते परत वाटेत आलं नाही. धक्क्याच्या कडेला एका रात्रीत कुणीतरी हातभर रुंद पांढरा पट्टा रंगवला. कुणी, ते कुणी विचारलं नाही. पण त्या आठवड्यात होडीवाल्या वाइकाच्या कोपरावर पांढरे ठिपके होते. लास व्हेगासला राहणाऱ्या लेकीने, मापुआनाने, बापाला घरात ठेवायचा मोठ्या आकड्यांचा फोन पाठवला, सोबत चिठ्ठी नाही. “नवीन आहे, स्वस्त मिळाला असेल,” केलिई म्हणाला. “असेल,” नोहेआ म्हणाली.

असं अख्खं गाव सांभाळून घेत होतं आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कारण शब्द फुटला की होडी गेली. आणि होडी गेली की केलिई म्हणजे व्हरांड्यातल्या खुर्चीत ठेवलेला एक टोपीवाला म्हातारा. ते चित्र कुणालाच बघायचं नव्हतं. नोहेआला तर नाहीच.

सात वाजता तिने वाढदिवस वाचले. साडेसातला कुणाचं डुक्कर सुटलंय ते सांगितलं, कुणाच्या नातीच्या पहिल्या वाढदिवसाला अख्ख्या दरीला जेवणाचं बोलावणं आहे ते सांगितलं, मग सैल तारांच्या गिटारीची दोन गाणी लावली. आठ वाजून दहा मिनिटांनी, तिसऱ्या गाण्याच्या मधोमध, भिंतीत कुठेतरी टप्प असा आवाज झाला. लाल दिवा विझला, पंखा थांबला, आणि खोलीत जळक्या शेपटीचा वास पसरला.

“झोपली होती ना पेटीत,” नोहेआ म्हणाली, “आता कायमची झोपली.”

तिला वाटलं, हिदेओ पालींच्या सात पिढ्यांचा उद्धार करील. पण हिदेओ पळाला. दर महिन्याला सुनामीच्या भोंग्याची चाचणी होते, तेव्हाही जो माणूस कॉफी संपवून मग खिडकीकडे बघतो, तो हिदेओ सपाता उलट्यासुलट्या घालून टेकडीवरच्या ट्रान्समीटरच्या खोपटाकडे पळाला.

“अरे, एवढं काय,” ती दारातून ओरडली. “अर्धा तास लोक कोंबडे ऐकतील.”

“तू गप्प बस,” हिदेओ मागे न बघता म्हणाला.

अठरा वर्षांत तो तिच्याशी असं बोलला नव्हता. नोहेआ दारातच उभी राहिली.

पंचेचाळीस मिनिटं लागली. नऊला पाच कमी असताना पंखा हलला, दिवा लागला, आणि हिदेओ घामाने निथळत आत आला. तिने श्रोत्यांची माफी मागितली, पालीच्या आत्म्याला शांती मागितली, आणि नऊच्या फोनची वाट बघत बसली.

नऊचा फोन केलिईचा असायचा. फिरायला गेलेला असो वा पाठ धरलेली असो, नऊला तो घरी असायचाच आणि फोन करायचाच. पण केलिई म्हणून कधी नाही. कधी तो राज्याचा गव्हर्नर असायचा, कधी होनोलुलूचा बिशप, एकदा तर ऑर्किड संघटनेची अध्यक्षीण झाला होता, बारीक आवाज काढून. मागायचं गाणं मात्र एकच. दरीत उतरणाऱ्या धुक्याचं, जे त्यांच्या लग्नात वाजलं होतं. “गव्हर्नरसाहेब, रोज तेच गाणं,” नोहेआ म्हणायची. “बाई, राज्य चालवायचं तर मन शांत लागतं,” तो म्हणायचा. अठरा वर्षांत त्याने स्वतःच्या नावाने एकदाही गाणं मागितलं नव्हतं.

नऊ वाजले. नऊ वाजून दहा मिनिटं झाली. फोन वाजला, तो अळूच्या शेतावरच्या बाईचा. “आंटी, आज गव्हर्नर नाहीत?”

“दौऱ्यावर असतील,” नोहेआ म्हणाली आणि हसली. हसू तिच्याच कानाला पत्र्यासारखं वाजलं.

नऊ पंचवीस. घरी फोन केला, नुसताच वाजत राहिला. तिने हिदेओकडे पाहिलं. तो कुरकुरत नव्हता. मगात कालची कॉफी होती, त्याने ती तशीच प्यायली. नोहेआने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“हिदेओ.”

“हं.”

“काय आहे, ते सांग.”

हिदेओने कॉफीचा मग दोन्ही हातांत धरला. “तो रेडिओ घेऊन जातो.”

“कोण?”

“कोण म्हणजे काय, नोहेआ.” तो सतरंजीकडे बघत बोलत होता. “मी बांधून दिला त्याला. छोटा, लांब तार लावून. तुझा आवाज स्वच्छ येतोय तोवर तो आपल्या खाडीसमोर असतो. खरखर सुरू झाली म्हणजे पश्चिमेचं टोक जवळ आलं, तिथून वळायचं. टोकामागे कडे आहेत, तिथे आपण ऐकू जातच नाही. येतानाही तेच. आवाज जसा साफ होत जाईल तसं यायचं. तो होडी तुझ्यावर हाकतो.”

गाणं वाजत होतं.

“आणि खुणा?” तिने विचारलं. चर्चचा मनोरा आणि त्यामागचा दुभंगलेला डोंगर एका रेषेत आले की ती केलिईच्या घराण्याची जागा. बापाने मुलाला समुद्रातच दाखवायची, जमिनीवर उच्चारायचीही नाही, अशी ती खूण. पाच पिढ्या त्या रेषेवर जेवल्या होत्या. “खुणा बघून नाही येत तो?”

“ते त्यालाच विचार,” हिदेओ म्हणाला.

पंचेचाळीस मिनिटं ती मुकी होती, आणि तिचा नवरा पाण्यावर होता. तिने मनात हिशेब केला आणि तो पुरा होऊ दिला नाही. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि ती जास्त लागली. कुठल्या दिवशी धक्का मोकळा असेल, हे केलिईला आदल्या सकाळीच रेडिओवरून कोण सांगत होतं? घरीच लोळा, असं बाकीच्या गावाला सांगून त्याची वाट मोकळी कोण करून देत होतं?

तिने गाणं मधेच बंद केलं. असं ती कधी करत नसे. गाणं कापणं तिला माणसाचं बोलणं तोडण्यासारखं वाटायचं.

“मी नोहेआ,” ती म्हणाली. “माझा नवरा केलिई आज पहाटे मासे मारायला गेला आहे. हो, ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. मासे मारायला. तो परत आलेला नाही. ज्याच्याकडे होडी आहे त्याने काढा.”

हिदेओने डोळे मिटून घेतले. बाहेर एक कोंबडा आरवायला लागला होता, तोही अर्ध्यावर थांबल्यासारखा तिला वाटला. मग फोनचे पाचही दिवे एकदम लागले.

पहिला वाइका. त्याची होडी या किनाऱ्यावरची सगळ्यात जलद आणि तोंड त्याहून जलद. “आंटी, तुम्ही तो शब्द रेडिओवर बोललात. अख्ख्या उत्तर बाजूचा मोसम बुडवलात.”

“बुडवला. पुढे बोल.”

“पुढे काय बोलू, पँट घालतोय. कुठल्या बाजूला बघू?”

“पश्चिमेला. टोकाच्या मागे.”

“तिकडे कशाला जाईल तो? खुणा धरून येणारा माणूस...” वाइका थांबला. वाइकाने पुढे विचारलं नाही आणि नोहेआने सांगितलं नाही. “बरं,” तो म्हणाला. “रेडिओ मोठा लावून जातो. तुम्ही बोलत राहा.”

हिदेओने दुसऱ्या फोनवर बचाव पथकाला गाठलं. हेलिकॉप्टर शेजारच्या बेटावरून येणार, सव्वा तास. त्याने तो आकडा कागदावर लिहून तिच्यासमोर धरला आणि खाली लिहिलं : गाणी नको. तू बोल.

काय बोलायचं, हा प्रश्न नोहेआला रेडिओवर कधी पडला नव्हता. आज पडला. पाच मिनिटं तिने नुसती दरीतल्या पावसांची नावं घेतली. इथे प्रत्येक दरीच्या पावसाला स्वतःचं नाव आहे. डोंगरावरून तिरका येणारा वेगळा, पानांवर टकटक करून परत जाणारा वेगळा, उन्हातच पडणारा वेगळा. आजीकडून मिळालेली सगळी नावं तिने पूर्वेकडून पश्चिमेकडे एका ओळीत घेतली, कुणी वाट सांगावी तशी. मग वाऱ्यांची. ती संपली तेव्हा ती संसारावर आली.

“केलिई,” ती म्हणाली, “तू लग्नाआधी माझ्या बापाला म्हणाला होतास की तुला घोरायची सवय नाही. चव्वेचाळीस वर्षं मी ही गोष्ट लपवून ठेवली. आज सांगते. लोकहो, तो घोरतो.”

पुढचा दिवा टूटू अनेलाचा होता. ती एक्क्याण्णव वर्षांची, दरीतल्या सगळ्यांची आजी. तिने फोन केला म्हणजे तिला थेट प्रसारणावर घ्यायचं, हा रेडिओचा एकमेव लिखित नियम.

“तो शब्द तू बोललीस,” टूटू म्हणाली.

“हो, टूटू.”

“मी माझ्या नवऱ्याच्या मयतातसुद्धा बोलले नव्हते.”

“हो, टूटू.”

“आता सगळे मासे ऐकून पळाले असतील. एक उरला नसेल.” म्हातारी दम खायला थांबली. “म्हणजे त्या माणसाला तिथे आता काही काम नाही. केलिई, ऐकतोस ना? समुद्र रिकामा आहे. घरी ये.”

आणि मग तिने फोनवरच आवाज लावला. बाहेर गेलेल्या होड्यांना बोलावण्याची जुनी प्रार्थना होती ती, तिच्या पणजीची. आवाज थरथरत होता पण कुठे तुटत नव्हता. हिदेओ, जो बौद्ध होता आणि फक्त नव्या वर्षाला देवळात जायचा, तोही टोपी काढून बसला.

दहा वाजले. पुढचा तास बागकामवाल्या बाईंचा होता. त्या बियांची पाकिटं घेऊन दारात आल्या, खुर्चीकडे पाहिलं, नोहेआकडे पाहिलं, पाकिटं खिडकीत ठेवली आणि मागे जाऊन कॉफी करायला लागल्या. मापुआनाचा फोन आला, थेट लास व्हेगासहून. ती इंटरनेटवर ऐकत होती. “आई,” ती म्हणाली आणि पुढे बोललीच नाही.

“मी बोलतेय, बाळ,” नोहेआ म्हणाली. “मला बोलत राहू दे.”

ती बोलत राहिली. घसा बसला तेव्हा बागकामवाल्या बाईंनी आल्याचं पाणी आणून दिलं. तिने एका जुन्या वादळाबद्दल सांगितलं, पहिली होडी कशी उसनी घेतली ते सांगितलं, व्हरांड्यातल्या स्टुलाबद्दल सांगता सांगता थांबली. स्टूल का हलवलं, हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने ते गिळलं आणि मुसुबी नावाच्या भाताच्या मुटक्यांत व्हिनेगर किती घालावं यावर गेली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी हिदेओच्या हातातला फोन वाजला. त्याने तो कानाला लावला, ऐकलं, आणि खुर्चीत असा बसला की खुर्ची पुन्हा खाली गेली.

“वाइका,” तो म्हणाला. “सापडला.”

नोहेआला माइक बंद करायचं सुचलं नाही. “कसा आहे? काय म्हणतोय?”

हिदेओने विचारलं, ऐकलं. “शिव्या देतोय. तुला.”

नोहेआने कपाळ टेबलावर टेकवलं. ती रडतेय की हसतेय, ते दरीला त्या दिवशी कळलं नाही. दोन्ही ऐकू गेलं. जिवात जीव आला तो असा आवाज करत आला. चर्चमध्ये कुणीतरी घंटा बडवायला लागलं, आणि रस्त्यावरच्या गाड्या भोंगे वाजवत जायला लागल्या.

बाराला केलिई आला. वाइकाने त्याला थेट रेडिओवरच आणून सोडलं. घरी जायला तो तयार नव्हता. गुडघ्यापर्यंत ओला, ओठांवर मीठ, टोपी हातात. वाइका दारात घुटमळला. केलिईने मान वाकडी केली आणि कडेने खोलीभर बघत बायको कुठे आहे ते हुडकलं.

“तास-दीड तास काही ऐकू येत नव्हतं,” तो म्हणाला. “आवाज गेला म्हणून मी इंजिन बंद केलं. म्हटलं, आता येईल. प्रवाहाने ओढून कड्यांखाली नेलं. लाट कशी फुटते त्यावरून कळलं की कडे आहेत. काळं काहीतरी होतं, बस. मग वारा उजव्या गालावर धरला आणि उलटा समुद्रात गेलो.”

“समुद्रात?” हिदेओ म्हणाला.

“कड्याच्या आडोशातून बाहेर पडल्याशिवाय हिचा आवाज कुठून येणार? तूच शिकवलंस.” मग तो पुन्हा नोहेआकडे वळला. “बाहेर आलो. रेडिओ खरखरला. देवाचं नाव घेतलं. आणि पहिला शब्द काय कानावर पडावा? माझी बायको सगळ्या माशांना सांगतेय की मी आलोय म्हणून.”

“तेवढा एकच मार्ग होता,” नोहेआ म्हणाली.

“पेटीत एक मासा नाही.”

“तिथी रिती आहे.”

“ते मला माहीत आहे,” केलिई म्हणाला.

बागकामवाल्या बाईंनी कॉफी आणली. कप पांढरा होता. केलिईने हात पुढे केला, तो कपाच्या बाजूला वीतभर हवेत गेला आणि तिथेच थांबला. वाइका खिडकीबाहेर बघायला लागला. हिदेओ टेबलाखाली वाकला, तिथे आता पालही नव्हती. नोहेआने कप उचलला, त्याच्या बोटांना लावला, आणि सवयीने म्हणाली, “गरम आहे, सावकाश.”

केलिईने एक घोट घेतला. मग खुर्ची चाचपून तिच्या शेजारी बसला.

“चालू आहे का हे?” त्याने माइककडे, म्हणजे माइक असावा त्या बाजूला, हनुवटीने दाखवलं.

“चालू आहे. सकाळपासून.”

“आणि सगळे ऐकतायत?”

“आज तर कोंबडेही ऐकतायत.”

त्याने घसा साफ केला, पाठ ताठ केली. “बाई,” त्याने जाड आवाज काढला, “मी राज्याचा गव्हर्नर बोलतोय. दौऱ्यावरून आत्ताच परतलो. आमचं ते नेहमीचं धुक्याचं गाणं...”

आवाज मधेच खाली बसला. नोहेआने गाणं लावायला हात नेला होता, तो तिने तसाच ठेवला. केलिईने टोपी मांडीवर फिरवली, एकदा, दोनदा.

“नाही,” तो म्हणाला, आणि हा त्याचा घरातला आवाज होता. “मी केलिई. ते गाणं मला हवंय, माझ्याच नावाने लाव. आणि तुम्ही सगळे ऐकताय तर ऐका. धक्क्यावर पट्टा कुणी रंगवला ते मला माहीत आहे. कप निळे का झाले तेही माहीत आहे. मला दिसत नाही. समोरचं सगळं पुसलं गेलंय, कडेचं थोडं उरलंय. चांगल्या तिथीला कुणी फिरायला निघणार असेल, तर मला सोबत घेऊन जा. कुठे, ते मी विचारणार नाही.”